चुन्याचे पाच दगड

मास्टर जांबाज आमच्या घरी नऊ दिवस राहिले. त्यातले आठ दिवस मी त्यांच्यावर संशय घेत होतो. याची मला लाज वाटते असं लिहिलं तर चांगलं दिसेल, पण ते खरं नाही. सत्तरीचं दशक संपत आलं होतं, आणि त्या दिवसांत खालापूर तालुक्यात जमीन असलेला शहाणा माणूस संशयच घ्यायचा. चौकच्या हमरस्त्यावर आधी एखादी मोटार थांबायची. पांढरे बूट घातलेला कुणीतरी उतरून डोंगराकडे बघत ‘हवा छान आहे’ म्हणायचा. काही महिन्यांनी त्याच जागी तारेचं कुंपण दिसायचं, आणि आत पूर्वीचा मालक दुसऱ्याच्या गुलाबांना पाणी घालताना दिसायचा.

मी आमच्या वाडीतला पहिला बी.ए. वडिलांनी जन्मभर अंगठा उठवला. ते गेल्यावर त्यांच्या धाकट्या भावाने, धर्माकाकांनी मला शिकवलं, आणि पास झालो त्या दिवसापासून माझं नाव घ्यायचं सोडून दिलं. ‘बीए, जरा वैरण टाक रं,’ असं म्हणायचे. कर्जतच्या हायस्कुलात मी इंग्रजी शिकवत होतो. वाडीत कुणाकडेही कागद आला की तो आधी माझ्यापुढे यायचा. कागदावर मला कुणी फसवू शकणार नाही अशी माझी घमेंड होती. ती अजून आहे.

सिनेमावाल्यांचा कागदही माझ्यापुढेच आला. चैत्र महिना होता. काकांनी वरच्या तुकड्यात नुकताच राब भाजला होता. पुढे भाताची रोपं टाकायची म्हणून पाला, शेण, गवत पसरून जमीन भाजून काढतात. तो अख्खा तुकडा काळाकुळकुळीत पडला होता. कंपनीच्या डायरेक्टरला नेमका तोच आवडला. हा पोरसवदा डायरेक्टर निर्मात्याचा भाचा होता. ‘एकदम लढाई का मैदान लगता है,’ असं म्हणून तो बांधावरच उड्या मारायला लागला. कागदात लिहिलं होतं की दहा दिवस चित्रीकरणासाठी वापर, नंतर जमीन होती तशी परत. मी तो तीनदा वाचला. उलटा करून मागची बाजूही बघितली.

‘काय म्हंतो कागद?’ काकांनी विचारलं.

‘कागद सरळ आहे.’

‘मंग माणसं वाकडी असतील,’ असं म्हणून काकांनी अंगठा उठवला.

कंपनी म्हणजे एक कॅमेरा, एक खटारा गाडी आणि उन्हात बसून पत्ते खेळणारी काही माणसं. ती सगळी चौकला एका रिकाम्या गोदामात झोपत. हिरोला गोदामात झोपवायचं बरं दिसेना, म्हणून त्याला आमच्या पडवीत आणून ठेवलं. तेच मास्टर जांबाज.

हे नाव काकांना ठाऊक होतं. पंचवीस वर्षांपूर्वी कर्जतला तंबूत सिनेमा यायचा, तेव्हा काकांनी त्यांचे सगळे मारधाडीचे खेळ पाहिले होते. धावत्या आगगाडीच्या टपावरून घोड्यावर उडी घेणारा माणूस. जाहिरातीवर त्यांच्या नावाखाली ठरलेली ओळ असायची, ‘हर छलाँग असली’. म्हणजे दुसऱ्याला आपले कपडे घालून उडी मारायला लावायची नाही, आपली उडी आपण मारायची. काकांनी पडवीत बसलेल्या म्हाताऱ्याकडे गोठ्यातून बराच वेळ निरखून पाहिलं आणि मला बाजूला घेतलं.

‘बीए, ह्यो त्यो नाय.’

‘कशावरून?’

‘त्याची नजर कशी हुती. पडद्यावरून आपल्याकं बगायचा तर आपुन खाली बगायचो. ह्यो माज्या कानाकं बगून बोलतो.’

ते खरं होतं. मास्टर बोलताना कधी डोळ्याला डोळा देत नसत. मान किंचित वाकडी करून कानाच्या पाळीकडे बघत. साठीच्या पुढचे असावेत. खांदे अजून रुंद होते, पण छाती खाली उतरून पोटात गेली होती. मिशी रोज सकाळी स्वतः काळी करत, आणि तो काळा रंग उजवीकडे गालावर अर्धं बोट तरी पसरलेला असे. एवढा नट म्हणवतो आणि आरशात नीट बघत नाही, याचा मला रागच यायचा. सगळ्यांना ‘पैलवान’ म्हणायचे, मला तेवढं ‘प्रोफेसर’. पण कुणी बोलल्याशिवाय त्याला हाक मारत नसत. समोर उभं राहिलं तरी गप्प. काकांच्या मते हा गर्व होता. माझ्या मते हा धूर्तपणा होता; दुसऱ्याला आधी बोलू द्यायचं.

काकीला मात्र ते पहिल्या दिवसापासून आवडले. तांदळाची भाकरी आणि सुकट घातली की ते ताटावर वाकून नुसता वास घेत बसायचे. मूळचे साताऱ्याकडचे, नाव सखाराम, तालमीतून पळून मुंबईला गेले, हे सगळं तिनेच काढून घेतलं. तिला ते वैनी म्हणत.

‘वैनी, चहा हितंच ठेवत जावा,’ ते खांबाच्या पायाशी बोट टेकवून सांगत. ‘रोज एका जागी ठेवला की चव धरतो.’

काकी हसायची आणि कप बरोबर तिथेच ठेवायची. काका मला डोळ्याने खुणावायचे. आल्याआल्या जागा धरली बघ.

तिसऱ्या दिवशी काका म्हणाले, ‘त्याची सही घेऊन ठेव. म्होरं कोरटात कामाला येईल.’

मी शाळेची नवीकोरी वही पुढे केली. ‘चष्मा मुंबईत ऱ्हायला गड्या,’ म्हणत मास्टरांनी झोकात सही ठोकली. ती वहीच्या मधोमध सुरू झाली आणि कडेवरून खाली उतरून माझ्या अंगठ्यावर संपली. मी काकांना सांगितलं की माणूस अडाणी आहे, नुसती सही घोटलीय. हे सांगताना मला जरा बरंही वाटलं.

चौथ्या दिवशी टेंपोची भानगड झाली. सिनेमाचा शेवट आमच्या त्या काळ्या तुकड्यात व्हायचा होता. हिरो आंब्याच्या झाडापासून धावत सुटणार, आजूबाजूला जमिनीत पुरलेले दारूचे बार उडणार, आणि बांधावरून तो खालच्या गाडीवाटेने चाललेल्या गाडीत उडी घेणार. गाडी ठरवायला डायरेक्टर आणि मास्टर चौकच्या एका गॅरेजमध्ये गेले. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर मी तिथून येत होतो, म्हणून थांबलो. गॅरेजवाल्याने चांगली धुतलेली जीप दाखवली. मास्टरांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, ‘ही न्हाई. हिचा आवाज न्हाई.’ मग कोपऱ्यातला एक टेंपो चालू करायला लावला. त्याचा सायलेन्सर फुटलेला होता. अख्खं चौक गोळा व्हावं असा खडखडाट झाला. मास्टर खूश. ‘हाच.’

‘मास्टरजी, ये तो कबाड़ है,’ डायरेक्टर म्हणाला.

‘हीरो मैं हूँ कि गाड़ी?’

लोक हसले. मी नाही हसलो. चांगली जीप सोडून भंगार टेंपो कोण घेतो? गॅरेजवाल्याशी ह्याचं आतून काहीतरी असणार, असं मी घरी येऊन सांगितलं. काकांनी मान डोलवली.

त्याच दिवशी डायरेक्टरच्या तोंडून आणखी एक गोष्ट कळली. मुंबईहून त्याने एक तरणा माणूस आणला होता, मास्टरांसारखाच लाल शर्ट घालून. हा डबल. मास्टरांच्या देखत डायरेक्टर मला म्हणाला, ‘एक बार में हो गया तो ठीक. नहीं तो ये करेगा. और आगे की दो पिक्चर भी फिर यही करेगा.’ मास्टर गॅरेजवाल्याच्या कानाकडे बघत हसत राहिले. परत येताना रस्त्यात एवढंच म्हणाले, ‘प्रोफेसर, माझी उडी दुसऱ्यानं मारली की मी कोन? मिशी रंगवलेला म्हातारा. तो कुनाला पायजे?’

मला त्यांची कीव आली असती. पण पाचव्या दिवशी सकाळी काका धापा टाकत आले.

‘बीए, चल. त्यो जिमीन मोजतोय.’

आंब्याखालून मास्टर अनवाणी निघाले होते. तोंडाने पावलं मोजत होते. ‘सतरा, अठरा, एकोणीस,’ थांबले, डावीकडे वळले, परत एकपासून. बांधापर्यंत गेले, परत आले, परत मोजत गेले. आम्ही करवंदीच्या जाळीआड बसून पाहत होतो. दुसऱ्या दिवशी त्यांनी काकीकडून चुना मागून घेतला. पाच धोंडे फासून पांढरे केले आणि जिथे जिथे वळायचे तिथे एकेक नेऊन रोवला. काळ्या जमिनीवर ते असे दिसत होते की बस. आमच्याकडे शेतात चुना लावलेला दगड एकाच कारणाने येतो. मोजणी झाली की हद्दीला येतो.

मी बी.ए. झालेला माणूस. मी काकांना म्हणायला हवं होतं की मोजणी अशी एकट्याने पावलांनी होत नाही. पण मला आठवला तो कागदातला शब्द, ‘वापर’. मी म्हणालो, ‘काका, कागद ठीक होता. माणूस ठीक नाही.’

शूटिंगच्या आदल्या दिवशी ते दगड बघून बघून बार उडवणाऱ्याने बार भरलेली आपली मडकी पुरली आणि वर राख पसरली. काकांनी रात्रभर विचार केला असणार. उजाडताना ते अंगणात हातपाय धूत होते, पायाला काळी राख.

‘फेकून दिलेत?’ मी विचारलं.

‘खुळा हायस का? हद्दीचा दगड फेकला तर केस हुते. सरकवले.’ आणि हळूच म्हणाले, ‘गोमाच्या अंगाला.’

गोमा म्हणजे बांधाचा शेजारी. काकांचा चुलतभाऊ, जन्माचा वैरी आणि रोजचा बिडीचा सोबती.

मला ते पटलं. मी चहा प्यायला पडवीत आलो. मास्टर आंघोळ करून, लाल शर्ट घालून खांबापाशी बसले होते. काकीने त्या दिवशी पडवी सारवायला काढली होती, म्हणून कप खांबापासून दोन हात लांब, उंबऱ्यावर ठेवला होता. ‘चहा ठेवलाय हो,’ ती आतून म्हणाली. मास्टरांनी खांबाच्या पायाशी हात नेला. तिथे काही नव्हतं. हात जमिनीवरून इकडे फिरला, तिकडे फिरला, ओल्या सारवणाला लागला, थांबला. समोर दोन हातांवर कपातून वाफ निघत होती, आणि तो माणूस तिच्याकडे तोंड करून तिला शोधत होता.

मी उठून कप त्यांच्या हातात दिला. गालावर पसरलेली मिशी, अंगठ्यावर उतरलेली सही, कानाकडे बघणं, फुटक्या सायलेन्सरचा टेंपो, हे सगळं एका घोटात माझ्या पोटात उतरलं. आणि मग दगड.

काळ्यावर पांढरं, तेवढंच त्यांना दिसत होतं.

मी सांगेपर्यंत गाडी येऊन त्यांना घेऊन गेली. मी पळत वर गेलो तर कॅमेरा लागला होता, टेंपो वाटेवर खडखडत होता, सगळी वाडी बांधावर बसली होती. डबल टेंपोच्या सावलीत शर्टाच्या बाह्या दुमडत होता. मास्टर आंब्याखाली एकटे उभे होते.

‘मास्टर, तुमचे दगड सरकवलेत.’

कुठले दगड, असं त्यांनी विचारलं नाही. ‘कुनी?’

‘काकांनी. त्यांना वाटलं तुम्ही जमीन मोजताय.’ जरा थांबून मी म्हणालो, ‘मलाही वाटलं.’

‘जमीन? आरं, माझी व्हती ती सोडून पळालो मी.’ आवाज एकदम खाली आला. ‘डायरेक्टरला बोललास?’

‘नाही.’

‘बोलू नगंस. दगड परत हलवायचे न्हाईत, समदे बघत्यात. कुठल्या अंगाला सरकवले?’

‘गोमाच्या.’

‘मला गोमाबिमा ठावं न्हाई. उन्हाच्या अंगाला का सावलीच्या?’

‘उन्हाच्या.’

‘किती?’

ते मला माहीत नव्हतं. मी काकांना हाक मारली. काका आले, आणि काका सिनेमावाल्याशी काय बोलतात ते ऐकायला गोमाही मागोमाग आला.

‘मी कशाला हात लावू दुसऱ्याच्या दगडांना?’ काका गोमाकडे तिरकं बघत म्हणाले. ‘दगड हाय तितंच हाय.’

‘काका, त्यांना दिसत नाही.’

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मग मास्टरांकडे पाहिलं. त्यांचा माझ्या शब्दावरही विश्वास बसेना. कोपरीच्या खिशातून बिडीचं बंडल काढलं, त्यातली एक बिडी मास्टरांच्या नाकापुढे, अगदी नाकापुढे धरली आणि गप्प उभे राहिले. मास्टर त्यांच्या कानाकडे बघत होते. हात पुढे आला नाही. काकांनी बिडी परत खिशात ठेवली.

‘दोन पावलं,’ ते म्हणाले.

‘माज्यात?’ गोमा म्हणाला.

‘तुज्यात.’

‘समदे सारखे?’ मास्टरांनी विचारलं.

‘समदे.’

तिकडून डायरेक्टरने शिट्टी मारली. मास्टर झाडाच्या बुंध्याला पाठ लावून उभे राहिले, ओठांनी काहीतरी मोजायला लागले. काका चार पावलं गेले. थांबले. मला त्यांच्या मानेची शीर दिसत होती. मागे वळून आले.

‘कोपऱ्याचा तीन,’ ते म्हणाले.

‘आं?’

‘कोपऱ्याचा दगड तीन पावलं सरकवलाय. ह्या गोमानं मागल्या साली तितं माजं एक पाऊल खाल्लं, ते परत घेतलं.’

‘कुनी खाल्लं रं? चोर तो तू,’ गोमाने सुरू केलं.

‘मागनं भांडा पैलवान,’ मास्टर म्हणाले. कोपऱ्याच्या दगडाजवळच सगळ्यात मोठं मडकं पुरलं होतं. ‘धर्माभाऊ, तुमचं पाऊल केवडं? चालून दाखवा.’

त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला. काका पुढे, मास्टर मागे, असे ते आंब्याखाली दोन पावलं चालले, मग तीन. परत दोन, परत तीन. सगळी कंपनी बघत होती.

‘क्या चल रहा है मास्टरजी?’ डायरेक्टर ओरडला.

‘जमीन के मालिक का आशीर्वाद ले रहा हूँ,’ मास्टर ओरडले.

मग ते पळाले. मी कॉलेजात असताना बऱ्याच शर्यती पाहिल्यात. हे पळणं तसं नव्हतं. म्हातारा जिना उतरतो तसे पाय टाकत होते, फक्त जोरात. पहिला बार उडाला, दुसरा उडाला. पांढरा दगड डावीकडे दोन पावलं ठेवून वळले. तिसरा. कोपऱ्यावर आले तेव्हा ते जरा जास्तच पुढे गेले असं मला वाटलं, काका माझ्या शेजारी ‘तीन, तीन’ पुटपुटत होते. मडकं फुटलं आणि मातीचा लोट त्यांच्या पाठीवर कोसळला. धुरात काही दिसेना. नुसता टेंपोचा खडखडाट ऐकू येत होता. आम्हाला आणि त्यांना त्या घटकेला सारखंच दिसत होतं.

धूर सरला तेव्हा मास्टर टेंपोच्या हौद्यात होते. उडी अर्धी चुकली होती, गुडघा फळीवर आपटून रक्त येत होतं, पण दोन्ही हातांनी फळी धरून उभे होते. डायरेक्टर नाचत होता. डबलने शर्टाची बटणं काढली, शर्टाची घडी केली आणि पत्ते खेळायला गेला.

तो सिनेमा दोनेक वर्षांनी कर्जतला लागला. मी काकांना घेऊन गेलो. सिनेमा टुकार होता. ते धावणं एवढ्या लांबून घेतलं होतं की लाल शर्टापलीकडे काही ओळखू येत नव्हतं. मागच्या रांगेत कुणीतरी म्हणालं, ‘ह्यो डबल असंल.’ काका खुर्चीत मागे वळले. ‘डबल नाय,’ त्या माणसाला अंधारात शोधत म्हणाले. ‘मी हुतो तितं.’

मास्टरांना पुढचे दोन सिनेमे मिळाले की नाही ते मला कळलं नाही. त्यांची बातमीही पुन्हा आली नाही. मला ते आठवतात ते नवव्या दिवशी निघताना. काकीने सुकटीची पुरचुंडी बांधून दिली. गुडघ्याला फडकं बांधलेले मास्टर त्याच टेंपोच्या हौद्यात चढले. निघण्याआधी काकांशी बोलले होते, ते आंब्याखाली. टेंपो हलला तसे ते फळीला धरून उभे राहिले, मिशीवरून बोट फिरवलं आणि आंब्याच्या दिशेने ताठ हात वर केला, पडद्यावर करत तसा.

आंब्याखाली वासराशिवाय कुणी नव्हतं. काका कधीच गोठ्यापाशी येऊन पाणी पीत उभे होते. त्यांनी टेंपोकडे बघितलं, आंब्याकडे बघितलं. तांब्या खाली ठेवला आणि धोतर सावरत भराभर चालत गेले, वासराला बाजूला ढकललं आणि बरोबर त्याच्या जागी उभं राहून हात वर केला. टेंपो चौकच्या वाटेला वळेपर्यंत दोघांचे हात वर होते.

खडखडाट ऐकू येईनासा झाल्यावर काकांनी हात खाली घेतला.

‘बीए,’ ते म्हणाले, ‘गोमा बगत नाय ना रं?’